तांबूस फुलांची मेंदी

मेंदी आता कागदाच्या कोनातून येते. त्यामुळं ती झाडाला लागते हे माझ्या नातसुनेला आधी पटेचना. तिला परसात नेऊन झाड दाखवलं, तर म्हणाली, "हे तर कुंपण आहे, दादा!" पोरगी खोटं बोलली नाही. जन्मभर मी कुंपणंच लावली. कळंबपासून खाली लोहाऱ्यापर्यंत जुन्या कचेऱ्या, दवाखाने, शाळा यांच्याभोवती जी मेंदी अजून तग धरून आहे, तिच्यातली निम्मी तरी माझ्या नाहीतर माझ्या अब्बांच्या हातची आहे. आमची बाकीची शेळ्यांनी खाल्ली.

दिवाळी अंकासाठी धंद्यातलं काहीतरी लिहा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा मी त्यांना बजावलं की सांगण्यासारखी माझ्याकडं एकच गोष्ट आहे आणि ती आनंदाची नाही. ते म्हणाले, चालेल. मग म्हटलं, शुद्धलेखन तुमच्या गळ्यात. चौथीपर्यंत मी उर्दूत शिकलो, तेवढ्यात राज्य बदललं आणि पाचवीला मास्तरांनी फळ्यावर मराठी काढायला सुरुवात केली. ऱ्हस्व-दीर्घाशी माझी ओळख तेव्हापासून आहे, पण दोस्ती काही झाली नाही.

आम्ही बागवान. कळंबच्या बाहेर ओढ्याच्या अंगाला पाऊण एकर जमीन आणि एक विहीर, एवढ्यात अब्बा रोपं करायचे. पेरू, लिंबू, थोडा मोगरा, पण घर चाललं ते मेंदीवर. निजामाचं राज्य गेलं, मग जिल्हा मुंबई राज्यात आला, पुढं महाराष्ट्र झाला. दर वेळी नवीन खाती आली. खातं आलं की कचेरी आली आणि कचेरी आली की तिला कुंपण लागलं. बांधकामाला पैसा पुरो न पुरो, मेंदी सगळ्यांना हवी असायची. कारण तिला पाणी लागत नाही. पहिला एक उन्हाळा तिला सांभाळलं, की पुढं आपल्याकडच्या चार कोरड्या वर्षांतही ती हिरवी राहते. गुरं तिच्या वाटेला जात नाहीत. शेळी मात्र कुणाचंच ऐकत नाही.

गिऱ्हाइकं एकेक नमुने. एका कचेरीतले मोठे कारकून बदलून आले होते. त्यांना कुणीतरी भरवलं होतं की मेंदीच्या फुलाच्या वासानं साप येतात. मला म्हणाले, "साप येणार नाही असं लिहून द्या." मी म्हटलं, "साहेब, साप उंदरासाठी येतो. तुमच्या कचेरीत उंदीर किती आहेत ते तुम्ही मला लिहून द्या, मग मी देतो." त्यांनी माझ्याकडं दहा दिवस ढुंकून पाहिलं नाही, अकराव्या दिवशी तीनशे रोपं नेली. एक अडतवाले तर लेकीच्या लग्नाला नेलेली पानं परत घेऊन भांडायला आले. रंग चढला नाही, व्याही हसले, आता काय करायचं बोला. पानं त्यांनी गच्चीवर रणरणत्या उन्हात वाळवली होती. मेंदी सावलीत वाळवायची असते, उन्हानं रंग मरतो, हे सांगायला मी तोंड उघडलं तर मलाच म्हणाले की झाडच खोटं आहे.

आता झाड कसं करतात ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. मेंदी दोन तऱ्हेनं होते. बी खसखशीएवढं बारीक असतं. ते गोणपाटात बांधून दोन-तीन आठवडे पाण्यात भिजत ठेवायचं, रोज पाणी बदलायचं, मग वाळूत मिसळून वाफ्यात फोकायचं. ही झाली स्वस्त मेंदी. बियाचं झाड कुणावर जाईल सांगता येत नाही. एकाचं पान रुंद, एकाचं बारीक, एकाचा रंग गडद, एकाचा फिका. दुसरी तऱ्हा फांदीची. पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब फांदी घ्यायची, खालचा काप तिरपा, वरचा सरळ, म्हणजे लावताना उलटी जायची भीती नाही. पावसाच्या तोंडाला वाफ्यात खोचायची. जी धरेल तिचं झाड हुबेहूब आईसारखं निघतं. पान तेच, रंग तोच, फूल तेच.

फुलाबद्दलही सांगितलं पाहिजे, कारण कुंपणाची मेंदी बघणाऱ्यांना ते माहीतच नसतं. महिन्या-दोन महिन्याला कात्री लागली की मेंदी फुलत नाही. सोडून दिली तर पावसाळ्यात तिला बारीक फुलांचे तुरे येतात आणि वास असा येतो की रस्त्यानं जाणारा माणूस थांबून इकडंतिकडं बघतो. अत्तरवाले त्यालाच हिना म्हणतात. आपल्याकडं फूल बहुतेक पांढरट येतं. तांबूस फुलाची मेंदी अब्बांनी तरुणपणी एकदा कुठंतरी पाहिली होती. मी ऐकून होतो.

चतुराबाई आली ती मिरगाच्या आधी, एका बाजारच्या दिवशी. आमच्यापासून दोन कोसांवरच्या खेड्यातली, घरची थोडी जमीन असलेली, पन्नाशीतली बाई. दर आठवड्याला पाटीत भाजी घेऊन बाजारला यायची, तेवढी तोंडओळख होती. त्या दिवशी पाटीत भाजी नव्हती. ओल्या फडक्यात गुंडाळलेला फांद्यांचा भारा होता. तो तिनं माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाली, "ह्या जगवून द्या, दादा. कौसीच्या हातच्या हायेत."

कौसी म्हणजे कौसल्या, तिची एकुलती लेक. तेरखेड्याला दिली होती. लग्नाला तीन वर्षं झाली आणि तापानं गेली. तिच्या सासरच्या परड्यात तिनं लावलेलं मेंदीचं झाड होतं. कुणाकडून आणलं होतं, देव जाणे. "हिची फुलं पांढरी न्हायती," चतुराबाई म्हणाली. "तांबूस येत्यात. म्या डोळ्यानं बघितल्यात. शेवटच्या पंचमीला गेलते तर ल्येक म्हनली, आय, आपल्या बी दारात लाव की. म्या म्हनलं, फुडच्या येळंला." मग तिनं पदर तोंडाशी धरला. जावयाचं दुसरं लग्न ठरलं होतं. आता तिथं कुठल्या तोंडानं जायचं, म्हणून शेवटचं जाऊन विळ्यानं फांद्या तोडून घेऊन आली होती.

मी फडकं सोडलं. उन्हातून, दोन गाड्या बदलून आलेल्या फांद्या. वीस-बावीस असतील. बऱ्याचशा सुकल्या होत्या. कुठल्याही शहाण्या माळ्यानं सांगितलं असतं की बाई, आशा ठेवू नका. पण तेव्हा मी चोविशीत होतो आणि कळंबच्या बाजारात माझी एक फुशारकी ठरलेली होती. सांभाळायला दिलेलं रोप बागवानाच्या पोराच्या हातून मरत नाही, असं मी ज्याला त्याला सांगायचो, आणि आतापर्यंत नशिबानं ते खरं ठरलं होतं.

"मावशी, काळजी करू नका," मी म्हटलं. "फांदीतून आलेलं झाड म्हणजे दुसरं झाड नसतं. तेच असतं. तुमच्या दारात तुमच्या लेकीच्या हातचंच झाड येणार."

तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मला जरा लाज वाटली. "त्येच?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "तेच."

बावीसमधली एक धरली. बाकीच्या वाफ्यातच कुजल्या. दोन महिन्यांनी त्या एकीला दोन हिरवे डोळे फुटले तेव्हा चतुराबाई वाफ्याशी उकिडवी बसून तिच्याकडं अशी बघत होती की बाजार अर्धा उलटला तरी तिला पत्ता नाही. तेव्हाच न्यायचं म्हणत होती. मी नको म्हटलं. तुमच्याकडं उन्हाळ्यात पाणी नाही, मूळ कोवळं आहे, एक वर्ष माझ्याकडं राहू द्या. यात माझं काही चुकलं असं मला अजूनही वाटत नाही. मग दर बाजारी ती येऊन रोपाला हात लावून जायची. एकदा त्याच्याशी काहीतरी बोलत होती. मी ऐकू येणार नाही एवढा लांब जाऊन उभा राहिलो.

सांभाळायला दिलेल्या रोपांची आमच्याकडं एक रीत होती. अब्बांना वाचता येत नव्हतं, तेव्हा नावाच्या पाट्या काय कामाच्या? ज्याचं रोप त्याच्या घरची चिंधी त्या रोपाला बांधायची. कुणाची धोतराच्या काठाची, कुणाची चिटाची, कुणाची चोळीच्या खणाची. कामाला येणाऱ्या बायकांनाही ते पाठ होतं. चिंधीच्या रोपाला कुणी हात लावत नसे. चतुराबाईनं कौसीच्या हिरव्या लुगड्याची चिंधी आणून दिली होती.

दुसऱ्या वर्षीची पंचमी आली. पंचमीच्या आदल्या दिवशी आमच्या मळ्यात जत्रा असायची. गावातल्या लेकी, माहेरी आलेल्या सासुरवाशिणी, सगळ्या मेंदीची पानं न्यायला यायच्या. पानांचे आम्ही पंचमीला पैसे घेत नव्हतो. माझं लग्न नुकतंच झालं होतं. रशीदा, माझी बायको, त्यांच्यात बसून पाटा-वरवंट्यावर मेंदी वाटून द्यायची, हसायची, थट्टा करायची. मेंदी लावली की तळहातावर पान ठेवून वरून कापडानं बांधावं लागतं, नाहीतर सगळी अंथरुणाला लागते. त्या संध्याकाळी मी मळ्यात आलो तर रोपांवरच्या चिंध्या गायब.

"पोरियांकू मेंदी बांधनेकू कपडा होना था," रशीदा म्हणाली. "दे दी मैं. पुरानी चिंध्याच तो थ्या."

मी हसलो. खरंच हसलो. नवीन लग्न, बायको आनंदात, दारात झोका बांधलेला. कुठलं रोप कुठं आहे हे मला डोळे मिटून सांगता आलं असतं. उद्या-परवा बांधू दुसऱ्या, म्हटलं.

गावात तेव्हा नवीन हायस्कूल झालं होतं आणि झेंडावंदनाच्या आत त्याच्याभोवती मेंदी लावायची होती. रोपं पंचमीनंतर चार दिवसांनी द्यायची, असं ठरलं होतं. पंचमीच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी शाळेच्या दोन बैलगाड्या दारात. पाऊस चांगला लागलाय, आजच लावू, असा हेडमास्तरांचा निरोप. माझी धांदल उडाली. तीन बायका वाफ्यात उतरल्या, मी दुसऱ्या टोकाला मुळ्यांभोवती चिखलाचा गोळा करून पेंढा बांधत बसलो. चौथ्या वाफ्याशी आल्यावर एकीनं हाक मारून विचारलं, "ह्यो बी काढायचा का?"

मी मान वर न करता म्हटलं, "चिंधीची सोडून सगळी काढा."

वर्षानुवर्षं तोंडात बसलेलं वाक्य. चिंध्या दोन दिवसांपूर्वीच गेल्या आहेत हे मला माहीत होतं, माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं, तरी ते वाक्य माझ्याच तोंडून गेलं. गाड्या गेल्यावर मी हात धुवायला ओढ्याकडं निघालो तेव्हा चौथ्या वाफ्याचं टोक मोकळं दिसलं. चिंधीच्या रोपांतलं एकटं कौसीचं तिथं होतं.

मी शाळेकडं धावलो. पोचलो तोवर निम्मी रोपं मातीत गेली होती. मुलांची रांग लावून हेडमास्तर हातातल्या छडीनं अंतर मोजत होते. सहाशे रोपं, सगळी फांदीचीच, सगळी वर्षाची, सगळी गुडघ्याएवढी. मेंदीच्या पानावरून फुलाचा रंग ओळखता येत नाही. अब्बांनाही आला नसता. मी त्या ओळीतून दोनदा चालत गेलो आणि परत आलो.

घरी येऊन रशीदावर ओरडलो. ती दुपारी गावात घरोघर फिरून चिंध्या गोळा करून आली, मेंदीनं तांबड्या झालेल्या. त्यात ती हिरवीही होती. ती धुऊन तिनं दांडीवर वाळत घातली. संध्याकाळी म्हणाली, "अजी, बुढ्ढीकू सच बोल दो. रोयेगी, गाली देगी, पन समज जायेगी."

मी सांगितलं नाही. वाचणाऱ्याला वाटेल की म्हातारीला दुःख होईल म्हणून सांगितलं नसेल. तसं मी स्वतःलाही पुष्कळ वर्षं सांगत आलो. पण खरं कारण ते नाही. भर बाजारात, पाटी घेऊन बसलेल्या पन्नास बायकांमध्ये ती रडेल आणि बागवानाच्या पोराच्या हातून रोप गेलं हे सगळ्यांना कळेल, याची मला भीती होती. पुढच्या बाजारी ती आली तेव्हा मी दुसऱ्या वाफ्यातलं तेवढ्याच उंचीचं एक रोप कुंडीत लावून, त्याला हिरवी चिंधी बांधून तयार ठेवलं होतं.

"आता न्या, मावशी. मूळ पक्कं झालंय."

तिनं कुंडी दोन्ही हातांनी उचलून मांडीवर घेतली. "एवढं लांबचं आलं बगा माझ्या दारात," म्हणाली. माझ्या लेकराबाळांना बरकत येऊ दे, असा आशीर्वाद तिनं दिला. रशीदा तिथंच उभी होती. ती आत निघून गेली.

मी मनाशी एक बेत केला होता. रोपाला फूल यायला दोन-तीन वर्षं लागतात. तोवर शाळेच्या कुंपणातलं खरं रोप शोधून काढायचं, त्याच्या फांद्या लावायच्या आणि काहीतरी निमित्त करून चतुराबाईच्या दारातलं बदलून द्यायचं. शोधायचं कसं? तर कुंपण फुलू द्यायचं. सहाशेत एकच तांबूस तुरा दिसेल, म्हणजे झालं.

आणि तेच होत नव्हतं, कारण कुंपण कापायचं काम माझंच होतं. हेडमास्तर शिस्तीचे. पुण्याकडून आलेले, एकटे राहायचे. छडी आडवी धरून कुंपणाची उंची बघायचे आणि एखादा शेंडा वर गेला तर मला वर्गातल्या मुलासारखं बोलवायचे. "बागवान, ही ओळ आहे की डोंगररांग?" पहिल्या वर्षी मी त्यांना दोनदा विनवलं, की एक पावसाळा कापू नका, मेंदी जोर धरेल. ते म्हणाले, "जोर नको. सरळपणा हवा."

शाळेतल्या रोपांचा पहिलाच उन्हाळा वाईट गेला. शाळेचा आड आटला. मेंदी पहिल्या उन्हाळ्यातच काय ती नाजूक असते, म्हणून मी आमच्या विहिरीचं पाणी कावडीनं नेऊन घातलं, तरी काही रोपं गेली. पाऊस पडल्यावर मी ती वाळलेली उपटली आणि नांग्या भरल्या, म्हणजे मोकळ्या जागी नवीन लावली. हे आमचं नेहमीचं काम. त्यात विचार करण्यासारखं मला काही वाटलं नाही.

चतुराबाई दर बाजारी येऊन खबर द्यायची. दोन फुटवे आले. कमरेएवढं झालं. बोकडानं तोंड लावलं होतं, म्हणून काट्या रोवल्या. पिण्याच्या पाण्याचे हाल होते त्या उन्हाळ्यात तिनं स्वतःच्या अंघोळीचं पाणी त्याच्या बुडाला सोडलं होतं. शेजारच्या पोरींनी पंचमीला पानं मागितली, तर दिली नाहीत. "फूल येऊ द्या म्हनलं आदी. मग घ्या." मी होला हो करायचो. मग पुढं पुढं बाजारच्या दिवशी मला लांबच्या गावी काम निघू लागलं.

तिसरा पावसाळा जवळ आला तेव्हा मला राहवेना. मी हेडमास्तरांच्या खोलीवर गेलो आणि पहिल्यांदा, बायको सोडून, कुणाला तरी सगळं सांगितलं. ते खुर्चीवर ताठ बसून ऐकत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी चष्मा पुसला.

"तुम्ही त्या बाईंना सांगितलंत का हे?"

"नाही सर."

"कधी सांगणार?"

"सापडलं की."

ते खिडकीतून बाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "या वर्षी कात्री आणू नका. तपासणीला साहेब येतील, त्यांचं मी बघतो." साहेब आले, आणि शाळेचं आवार अस्ताव्यस्त असल्याचा शेरा त्यांनी वहीत लिहिला. हेडमास्तरांना आयुष्यात शिस्तीबद्दल मिळालेला तो पहिलाच वाईट शेरा असावा. 

कुंपण वाढलं. डोक्याच्या वर गेलं. श्रावण सरला आणि तुरे येऊ लागले. मी रोज सकाळी शाळा भरायच्या आत जायचो आणि फाटकापासून सुरुवात करून चारी बाजू फिरायचो. वास असा की डोकं दुखायला लागावं. मास्तर लोक वर्गात शिकवताना थांबत, पोरं तुरे तोडून दप्तरात कोंबत. पहिल्या आठवड्यात पांढरं. दुसऱ्या आठवड्यात पांढरं. काही झाडं मागं होती, त्यांच्यावर मी नजर ठेवून होतो. एकदा एक तुरा जरा पिवळसर दिसला, तर धावत जाऊन हेडमास्तरांना बोलावून आणलं. त्यांनी तो हातात घेऊन चष्म्याजवळ धरला आणि हळूच नकारार्थी मान हलवली.

भाद्रपद संपता संपता शेवटची झाडंही फुलली. सगळी पांढरी. त्या दिवशी मी दक्षिणेकडच्या बाजूला उभा असताना माझं लक्ष गेलं की तिथली काही झाडं बाकीच्यांपेक्षा बुटकी आहेत. ती मी नांग्या भरताना लावलेली. आणि मग मला उमगलं. त्या पहिल्या उन्हाळ्यात वाळलेली तिथली रोपं मी एकेक उपटली होती, भारा बांधून घरी आणला होता आणि रशीदानं त्यावर दोन दिवस भाकरी भाजल्या होत्या. कौसीचं रोप त्यात होतं. दुसरीकडं कुठं असणार?

मी शाळेच्या पायरीवर बसलो. हेडमास्तर माझ्या शेजारी येऊन बसले. पायरीवर बसलेलं त्यांना कुणी कधी पाहिलं नसेल. "आता सांगून टाका," एवढंच म्हणाले.

तेवढीही वेळ आली नाही. त्याच आठवड्याच्या बाजारी चतुराबाई मळ्यात आली. पाटी डोक्यावरून उतरवली, तिच्यातून एक तुरा काढला आणि माझ्यापुढं वाफ्याच्या बांधावर ठेवला. पांढरा. वास दरवळत होता.

"दादा, फूल आलं," ती म्हणाली. "असं कसं वो आलं?"

तिच्या आवाजात राग नव्हता. दुसरं काहीतरी कारण असेल आणि ते मला माहीत असेल, अशा भरवशानं ती विचारत होती. माती बदलली की फूल बदलतं, असं मी म्हटलं असतं तर तिनं मानलं असतं. जिभेच्या टोकावर ते आलंही होतं. पण दारात रशीदा उभी होती. मी खाली बसलो आणि सांगितलं. चिंध्या, गाड्या, माझं ते वाक्य, बदललेली कुंडी, शाळेचं कुंपण, चुलीत गेलेला भारा. काही ठेवलं नाही. सांगताना मी तिच्या पायांकडं बघत होतो.

तिनं मग विचारलं, "कवा कळलं म्हनला तुमाला?"

"त्याच दिवशी, मावशी. दोन वर्षांमागं. पंचमीच्या दुसऱ्या दिवशी."

ती बोटांवर काहीतरी मोजू लागली. श्रावण, भाद्रपद, आश्विन. तिथं तिचं बोट थांबलं.

"तवा तर झाड हुतं की वो उभं," ती म्हणाली. "इहीनबाईनं निरोप धाडला हुता. जावयाला गोठा वाढवायचाय, परड्यातलं झाड दिवाळी झाल्यावर काढायचं, फांद्या लागत्याल तर घिऊन जा म्हनून. म्या म्हनलं, कशाला? हाय की माझ्या दारात."

तिनं पाटी उचलून डोक्यावर घेतली. तुरा तिथंच राहिला. रशीदा पाण्याचा तांब्या घेऊन तिच्यामागं फाटकापर्यंत गेली, पण ती थांबली नाही.

पंचमीपासून दिवाळीपर्यंत तीन महिने ते झाड तेरखेड्याला उभं होतं. इथून नऊ-दहा कोस. सकाळची मोटार पकडली असती तर दिवस मावळायच्या आत फांद्या घेऊन मी परत आलो असतो, आणि पावसाळ्याचे दिवस होते, एक सोडून दहा धरल्या असत्या.